दोन कसबे

[पडदा काळा. फक्त यंत्रमागांचा आवाज.]

सोलापूरच्या पूर्व भागात घर असलं की माग चालू असताना झोप लागते आणि ते थांबले की जाग येते. त्या रात्री माग चालू होते. जानेवारी होता, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा चार दिवसांवर आलेली. आम्ही खिडकी ओढून घेतली, टीव्हीचा आवाज वाढवला आणि एका जुन्या सिनेमाची ब्लू-रे डिस्क लावली.

आम्ही म्हणजे मी आणि माझे थोरले काका. काकांनी गिरणीत साच्यावर उमेदीची वर्षं काढली. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण भोंग्याच्या वेळेला अजून मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात. परदेशी सिनेमा, तोही काळा-पांढरा, खाली इंग्रजी अक्षरं. "मला वाचता येतंय थोडं," म्हणाले, "नाही आलं तर तू सांग बे."

[दृश्य: टीव्हीच्या उजेडात काकांचा चष्मा.]

सिनेमा होता ‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’. 1966 सालचा, इटली आणि अल्जेरिया या दोन देशांनी मिळून काढलेला. दिग्दर्शक जिल्लो पोंतेकोर्वो, सहलेखक फ्रांको सोलिनास. अल्जेरियावर फ्रान्सचं राज्य होतं. 1 नोव्हेंबर 1954 ला तिथं स्वातंत्र्याचं युद्ध पेटलं आणि 1962 मध्ये देश मोकळा झाला. सिनेमा त्यातल्या एका शहराबद्दल आणि मुख्यतः 1956-57 या दोन वर्षांबद्दल बोलतो. राजधानी अल्जिअर्स. खाली समुद्राकाठी युरोपियनांची वस्ती, रुंद रस्ते, काचेची कॅफे. वर डोंगरउतारावर स्थानिकांची दाट वस्ती, पायऱ्यापायऱ्यांचे बोळ, एकाच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत. त्या वस्तीचं नाव कस्बा.

आपल्याकडे उत्तर कसबा, दक्षिण कसबा. शब्द तोच, अरबीतून तिकडेही गेला आणि इकडेही आला. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. पाच मिनिटांनी पडद्यावर पहिला बोळ आला. तेव्हा म्हणाले, "मग कसबाच म्हण की. कस्बा काय?"

[दृश्य: बाळीवेस, सकाळ. दुकानांची फळकुटं उघडतायत.]

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात, होस्टेलवरच्या एका कॉम्प्युटरवर. नकलेची नक्कल, तिचीही नक्कल. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. फ्रेंच सैनिकांनी एका किरकोळ माणसाचा छळ करून त्याच्याकडून पत्ता काढून घेतलाय. आता ते त्याला कॉफी पाजतात, धीर देतात, आपलाच गणवेश त्याच्या अंगावर चढवतात, म्हणजे त्यानं पुढं होऊन घर दाखवायचं. त्या जुन्या प्रतीत त्या माणसाच्या तोंडाच्या जागी एक पांढरा डाग होता. तो रडतोय हे मला त्याच्या खांद्यांवरून कळलं होतं.

नव्या प्रतीत डोळा दिसतो. डोळ्यातून निघालेलं पाणी गालाच्या खळग्यात थांबलेलं दिसतं. फितूर हा शब्द तोंडात येता येता राहतो.

जुनी प्रत साफ करायचं हे काम 2016 मध्ये इटलीतल्या बोलोनिया शहरात झालं. तिथल्या सिनेतेकानं, म्हणजे सिनेमे जपणाऱ्या संग्रहालयानं, रोमच्या इस्तितुतो लुचे-चिनेचित्ता या सिनेसंस्थेसोबत हा सिनेमा 4के मध्ये, म्हणजे खूप बारीक तपशील दिसेल असा, पुन्हा उभा केला आणि त्याच वर्षी तो व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला. त्याच्या पन्नास वर्षं आधी त्याच व्हेनिसमध्ये त्याला सुवर्ण सिंह, म्हणजे तिथलं सर्वोच्च पारितोषिक, मिळालं होतं. फ्रान्सचं शिष्टमंडळ तेव्हा नाराज होतं आणि फ्रान्समध्ये पुढं काही वर्षं हा सिनेमा दाखवलाच गेला नाही.

जुना सिनेमा साफ करणं म्हणजे पितळेचं भांडं चिंचेनं घासणं, असं मला वाटायचं. या सिनेमाच्या बाबतीत ते फसतं. 1966 मध्ये रंगीत फिल्म सहज मिळत होती. पोंतेकोर्वो आणि त्याचा छायालेखक मार्चेल्लो गात्ती यांनी ठरवून काळा-पांढरा रंग घेतला, कॅमेरा हातात धरला, लांबची भिंगं लावली. लोकांनी वर्तमानपत्रात आणि बातमीपटात जे युद्ध पाहिलं होतं तसं ते दिसायला हवं होतं. त्यासाठी निगेटिव्हची पुन्हा नक्कल काढून चित्राचा दाणा, म्हणजे फिल्मवर दिसणारे बारीक कण, मुद्दाम जाड केला. इतकं अस्सल दिसलं की अमेरिकेत दाखवताना सुरुवातीला सूचना टाकावी लागली: यात एक फूटही बातमीपट वापरलेला नाही.

मग अशा सिनेमातलं काय पुसायचं आणि काय ठेवायचं? ओरखडा काळानं दिलाय, तो जाऊ दे. दाणा बनवणाऱ्यांनी दिलाय, तो गेला तर सिनेमाच गेला. बोलोनियाच्या लोकांनी दाणा ठेवलाय. पडदा गुळगुळीत केलेला नाही. जवळ जाऊन बघितलं तर चित्र ज्वारीच्या राशीसारखं सळसळतं, आणि त्या राशीतूनच चेहरे वर येतात.

[दृश्य: कणगी. ज्वारीत बुडालेला हात.]

काकांची आई, म्हणजे माझी आजी, मार्शल लॉची, इंग्रजांच्या लष्करी अंमलाची, गोष्ट सांगायची. सोलापुरात मार्शल लॉ म्हटलं की साल सांगावं लागत नाही. सैनिक गल्लीत शिरले तेव्हा तिच्या सासऱ्यांची गांधी टोपी तिच्या सासूनं ज्वारीच्या कणगीत खोल खुपसली आणि वर बसून दळायला घेतलं. एवढीच गोष्ट. आजी ती प्रत्येक वेळी हात दंडापर्यंत आत घालून दाखवायची.

1930 चा मे. गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली, हरताळ पडला, गिरण्या थंडावल्या. 8 मेला शिंदीची झाडं तोडायला निघालेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शंकर शिवदारे त्यात गेले. गाव पेटलं. मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर जमाव तुटून पडला, तिथं पोलीस मारले गेले, कोर्टाची इमारत जळाली. 9, 10 आणि 11 मे असे तीन दिवस या शहरात इंग्रजांचं राज्य नव्हतं. 12 मेला लष्कर आलं आणि जूनअखेरपर्यंत मार्शल लॉ राहिला. झेंडा हातात सापडला म्हणून माणसं वर्षानुवर्षांच्या शिक्षेवर गेली.

चौकीतल्या पोलिसांच्या खुनाचा खटला चौघांवर चालला. मल्लप्पा धनशेट्टी. श्रीकिसन सारडा. जगन्नाथ शिंदे. आणि ‘गझनफर’ हे पत्र चालवणारे अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात चौघांना फाशी दिली. खुनाशी त्यांचा संबंध नव्हता, असं सोलापूर आजही मानतं.

[दृश्य: चार हुतात्मा पुतळे. वाहनांची वर्दळ.]

त्या तीन दिवसांचा सिनेमा आपल्याकडे नाही. आपल्याकडे पुतळे आहेत. 12 जानेवारीला त्यांना हार पडतात, भाषणं होतात, आणि गाव पुन्हा गड्ड्याच्या नंदीध्वजांच्या तयारीला लागतं. मी लहानपणापासून त्या पुतळ्यांसमोरून सायकलनं गेलोय. माझ्या पिढीसाठी त्या चौघांच्या तोंडावरचा दाणा पार निघून गेलाय. घाम नाही, भीती नाही, रात्रीची जाग नाही. त्या मे महिन्यात सोलापुरात कोण घाबरलं होतं, कुणी दार उघडलं, कुणी लावून घेतलं, चौकीत जळालेल्या पोलिसाच्या घरी काय झालं, हे आम्हाला कुणी विचारायलाही शिकवलं नाही.

अल्जिअर्सच्या लोकांनी ते विचारलं, आणि युद्ध संपून तीनच वर्षं झाली असताना विचारलं. सादी यासेफ हा तिथल्या लढ्याचा एक म्होरक्या. त्याला फाशीची शिक्षा झाली होती, ती टळली. तुरुंगात त्यानं आठवणी लिहिल्या. सुटल्यावर तो याच सिनेमाचा एक निर्माता झाला आणि पडद्यावर स्वतःसारख्याच म्होरक्याचं काम केलं. नायक अली ला प्वांतची भूमिका करणारा ब्राहिम हज्जाज कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला नव्हता. तो पोंतेकोर्वोला बाजारात दिसला. प्रमुख भूमिकांत व्यावसायिक नट एकच, जां मार्तां, आणि त्याच्या वाट्याला आला फ्रेंच कर्नल मात्यू. या मार्तांनं 1960 मध्ये अल्जेरियातल्या युद्धाविरुद्धच्या 121 जणांच्या जाहीरनाम्यावर सही केली होती. म्हणजे छळाचं समर्थन करणारी वाक्यं अशा माणसाच्या तोंडून येतात, ज्यानं त्या छळाविरुद्ध आपलं नाव लिहून दिलंय. त्याचा कर्नल म्हणूनच राक्षस वाटत नाही. तो पत्रकारांना शांतपणे विचारतो: फ्रान्सनं इथं राहावं का? हो म्हणत असाल तर पुढचं सगळं तुम्हाला पत्करावं लागेल.

आणि तो प्रसंग. तीन बायका केस कापतात, युरोपियन कपडे घालतात आणि टोपलीत बॉम्ब घेऊन खालच्या शहरात जातात. कॅफेत बसलेल्या एकीची नजर फिरते. गप्पा मारणारी पोरं. आईस्क्रीम खाणारं एक लहान मूल. कॅमेरा त्या मुलावर थांबतो, आणि तिला ते दिसलंय हे आपल्यालाही दिसतं. ती उठते. टोपली तिथंच राहते.

काकांनी इथं तोंड फिरवलं. "असं दाखवायला नको होतं," म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "नाही. दाखवलं ते बरं केलं."

त्याआधी कस्ब्यात रात्री स्फोट होतो, घरं कोसळतात, ढिगाऱ्यातून मुलं काढतात. तिथं जे संगीत वाजतं तेच कॅफेतल्या मेलेल्यांवरही वाजतं. सिनेमा कुणाच्या बाजूनं आहे हे एकदाही लपवत नाही, आणि तरी रडताना दोन सूर लावत नाही. राजकीय सिनेमा म्हणून मी आजवर जे पाहिलं त्यात इतकं धैर्य मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

[दृश्य: बंद पडलेल्या गिरणीची चिमणी. कबुतरं.]

मग आठ दिवसांचा संप येतो. 1957 चा जानेवारी. दुकानं बंद, आणि सैनिक माणसांना घरातून ओढून कामावर नेतात. लाउडस्पीकरवरून फ्रेंच घोषणा चालू असतात. गर्दीत एक पोरगं, छोटा ओमर, हळूच माइक पळवतं आणि आपल्या लोकांना धीर देतं. बायकांचा तो जिभेनं काढलेला लांब किणकिणता स्वर सगळीकडून उठतो.

काका खुर्चीतून पुढं सरकले. "हे आपल्यातलं पोरगं दिसतंय बे."

लढ्याचा एक नेता, लार्बी बेन म्हिदी, पकडला जातो आणि कोठडीत मरतो. आत्महत्या, असं सैन्य सांगतं. सिनेमानं 1966 मध्येच त्या शब्दावर शंका उभी केली होती. तो खून होता हे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी मान्य केलं ते 1 नोव्हेंबर 2024 रोजी. सदुसष्ट वर्षांनी.

[दृश्य: पुन्हा खोली. टीव्हीचा उजेड.]

शेवटाकडे सिनेमा सुरुवातीच्या घरात परत येतो. गणवेश घातलेल्या त्या माणसानं घर दाखवलंय. फरशांच्या भिंतीमागे एक कोनाडा आहे, बसता येईल एवढाच. आत अली आणि त्याची माणसं. बाहेरून कर्नलचा आवाज येतो, भिंतीला सुरुंग लावलाय, बाहेर या. आत कुणी बोलत नाही. 8 ऑक्टोबर 1957 ला हे खरोखर असंच घडलं होतं.

होस्टेलच्या प्रतीत मला त्या अंधारात दोघंच दिसले होते. इतकी वर्षं मी तिथं दोघंच आहेत असं समजत होतो.

"थांबव," काका म्हणाले.

मी थांबवलं. ते उठले, टीव्हीजवळ गेले, चष्मा वर केला. अली. त्याच्या शेजारी एक तरुण मुलगी, हसीबा. एक तरुण, महमूद. आणि माइक पळवणारा तो छोटा ओमर. काकांनी बोट काचेला न लावता एकेका तोंडावरून फिरवलं.

"चार हायत."

"हो."

"पोरगंबी हाय की."

ते तसेच उभे राहिले. पडद्यावरचा दाणा हलत नव्हता. बाहेर माग चालू होते.

"आता मागं घे जरा," ते म्हणाले. "तो गणवेशवाला रडतोय तिथनं. परत बघू."

[पडद्यावर चौघांचे चेहरे. मागांचा आवाज वाढत जातो.]