सटवाई यायच्या आधी

नमस्कार श्रोतेहो.

पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, असं आपण मानतो. कोरा कागद आणि लेखणीही मांडून ठेवतो. यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू मात्र पाचवीची वाट बघत नाही. त्याच्याशी आपला सामना पहिल्या २४ तासांतला.

आईच्या रक्तातला हा विषाणू बाळाला लागतो तो बहुतेकदा बाळंत होतानाच. आई धडधाकट असते. 'कधी कावीळ झाली होती का?' विचारलं तर नाही म्हणते, आणि ते खरंही असतं. मोठेपणी लागण झाली तर १०० पैकी ९५ जण त्यातून सुटतात. तान्ह्या बाळांचं उलटं, सुमारे ९० जणांच्या अंगात तो ठाण मांडून बसतो, आणि पुढे कधीतरी सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होत निकामी होणं, किंवा यकृताचा कॅन्सर घेऊन उभा राहतो.

म्हणून गरोदरपणी एचबीएसएजी तपासणी करायची, म्हणजे रक्तात या विषाणूच्या आवरणाचा घटक आहे का ते बघायचं. आमचे जुने डॉक्टर तिला अजून 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणतात, कारण शास्त्रज्ञ ब्लुमबर्ग यांना तो घटक पहिल्यांदा एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात सापडला होता. तपासणी होते हो, पण पहिलं बाळंतपण माहेरी आणि फाईल सासरच्या कपाटात! माहेरी निघताना ओटीच्या सामानाबरोबर ती फाईलही पिशवीत टाका.

आईचा रिपोर्ट काहीही असो, लशीचा जन्माचा डोस प्रत्येक बाळाला, २४ तासांच्या आत, मांडीत. बाळ रविवारी जन्मलं म्हणून सोमवारवर ढकलायचा नाही. दहा डोसची बाटली एका बाळासाठी कशी फोडायची, असा संकोच कुठे कुठे होतो. सरकारी लसीकरणात उघडलेली बाटली नीट थंड ठेवली तर २८ दिवस वापरता येते, तेव्हा खुशाल फोडा.

आई पॉझिटिव्ह असेल तर १२ तासांच्या आत दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शनही हवं. ते महाग असतं आणि सगळीकडे मिळत नाही, म्हणून प्रसूतीआधीच चौकशी करून ठेवावी. विषाणूंचं प्रमाण फार असेल तर डॉक्टर शेवटच्या तिमाहीत टेनोफोव्हिर या विषाणूविरोधी औषधाच्या गोळ्या देतात. एवढ्यासाठी सिझेरियन लागत नाही. आणि आजीबाई, अंगावरचं दूध तोडू नका, ते चालतं.

पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, म्हणजे हिपॅटायटिस बीसह पाच रोगांवरची एकत्र लस. मग आई पॉझिटिव्ह असेल तर बाळ नऊ महिन्यांचं झालं की त्याचं रक्त तपासायचं. घाईनं आधी केलं, तर इंजेक्शनातून मिळालेली उसनी प्रतिपिंडंच रिपोर्टात दिसतात आणि उगाच फसगत होते.