पोटखराबा

(दृश्य: मे महिना, भर दुपार. राजापूर तालुक्यातला सडा. नजर जाईल तिथवर काळपट-तांबूस कातळ.)

मे महिन्यात इथे अनवाणी पाऊल टाकवत नाही. जांभा तव्यासारखा तापलेला असतो. सावलीला झाड नाही. करपलेल्या गवताची खुंटं आणि अधेमधे वणव्यात होरपळलेलं एखादं झुडूप, एवढंच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात याला सडा म्हणतात, कुणी नुसतंच कातळ म्हणतं. पहिल्यांदा बघणारा सहज बोलून जातो, इथे तर काहीच नाही.

सरकारी कागदही तेच बोलतो. यातल्या बहुतेक जमिनीचा सातबारा काढला की एक शब्द भेटतो: पोटखराबा. लागवडीला अयोग्य, म्हणून आकारणी नसलेलं क्षेत्र. शब्द महसुलाचा आहे. इथे पीक येत नाही एवढंच त्याला सांगायचं असतं. पण कोकणात विकासाचा प्रश्न निघाला की हा शब्द सातबाऱ्यातून उठून थेट चर्चेत येऊन बसतो. पीक येत नाही म्हणजे काहीच नाही, आणि काहीच नाही तर मग गेलं काय, असा हिशेब मांडला जातो. जागा रिकामी आहे हे सगळ्यांनी आधीच धरून चाललेलं असतं.

म्हणून आम्ही याच जागी पुन्हा आलो. जुलैत.

(दृश्य: तोच सडा, तीच चौकट. पाऊस. कातळावरून वाहणारं पाणी. काही क्षण निवेदन नाही.)

मृगाच्या सरी पडल्या की आधी कातळावर शेवाळ हिरवं होतं. मग ज्या खळग्यांत बोटभर माती साठलेली असते, तिथून कोंब वर येतात. श्रावणात सडा ओळखू येत नाही. पांढऱ्या गेंदांची चादर, त्यात सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा रंग, कडेने कवल्याची पिवळी फुलं. सुरुवातीच्या पावसात दीपकाडीची पांढरी फुलं येतात. ही दीपकाडी कोकणातल्या अशाच सड्यांची. तिच्या शास्त्रीय नावातही कोकण आहे.

(दृश्य: अगदी जवळून. दवबिंदू वनस्पतीचं पान.)

हे पान जेमतेम नखाएवढं. त्याच्या केसांच्या टोकांवर चमकतंय ते दव नाही, चिकट द्रव आहे. एक चिलट त्यावर बसलं आणि अडकलं. आता पान हळूहळू त्याच्याभोवती वळेल. इथल्या मातीत नत्र जवळजवळ नाही, त्यामुळे दवबिंदू किडे पचवून आपली गरज भागवते. सीतेची आसवंही तेच करतात, पण मातीखाली. त्यांना खरी मुळं नसतातच. असतात त्या बारीक पिशव्या, पाण्यातले सूक्ष्म जीव आत खेचून घेणाऱ्या. ज्या मातीला आपण नापीक म्हणून सोडून दिलं, त्याच मातीला धरून या वनस्पती घडल्या. भरपूर खत-माती घाला, इथे गवत माजेल आणि ही फुलं जातील.

हाच जांभा आणि अशीच फुलं साताऱ्याजवळ, सुमारे १२०० मीटर उंचीवर आहेत. त्या जागेचं नाव कास. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यांत कास आहे. समुद्रसपाटीजवळचे कोकणातले सडे त्या यादीत नाहीत. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या संशोधकांनी या पठारांवर वर्षानुवर्षं काम केलंय आणि घाटमाथ्याच्या पठारांबरोबर कोकणातल्या सड्यांचीही दखल घ्या असं त्या सांगत आल्या आहेत.

(दृश्य: सड्याच्या खालची वाडी. विहीर. रहाट.)

आता सड्यावरून खाली उतरू. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये त्याच कोकणातल्या वाड्यांवर टँकर येतात. या विहिरीला मात्र तेव्हाही पाणी असतं. ते येतं वरून. जांभा सच्छिद्र असतो. बेसॉल्ट खडक हजारो-लाखो वर्षं उष्ण, दमट हवेत झिजला, त्यातली सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली आणि हा भोकाभोकांचा दगड तयार झाला. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं, खाली चिकणमातीच्या थराला अडतं आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांतून, पऱ्ह्यांतून बाहेर पडतं. वरचा सडा आणि खालची विहीर यांचं हे नातं वाडीतल्या पाणी भरणाऱ्या बाईला ठाऊक असतं. सातबाऱ्यावर त्यासाठी रकाना नाही.

(दृश्य: चिरेखाण. कटर मशीन. लाल धूळ.)

हा चिरा. ताजा कापताना मऊ, हवा लागली की टणक. अख्ख्या कोकणाची घरं यावर उभी आहेत. माझ्या आजोळचं घर चिऱ्याचंच, तिथली विहीरही चिऱ्यांनी बांधलेली. म्हणून खाण दिसली की लगेच बोट दाखवायला मन धजत नाही. पूर्वी हातोडी-छिणीने दिवसभरात मोजके चिरे निघायचे. आता यंत्र एका हंगामात टेकडी सपाट करतं, आणि मागे उरलेला खड्डा बहुतेक वेळा तसाच राहतो.

आंब्याचंही असंच. १९९० मध्ये राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली. सड्यांवर सुरुंग लावून खड्डे झाले, बाहेरून माती आली, हापूसची कलमं उभी राहिली. त्या बागांनी कितीतरी घरांतल्या पोरांची शिक्षणं केली. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. पण त्या वेळी सड्यावर काय आहे हे कुणी विचारलं नव्हतं, आणि ज्यांनी विचारायला हवं होतं ते सरकार होतं, शेतकरी नव्हे.

(दृश्य: कातळावर पसरलेले सैल दगड. एक हात दगड उचलतो.)

या दगडाखाली बघा. तपकिरी अंगावर फिकट आडवे पट्टे असलेली, बोटाएवढी पाल. भिंतीवर चढणारी नव्हे, जमिनीवर राहणारी. १९६३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातून शास्त्राने तिची पहिली नोंद केली. दक्षिण कोकणातले जांभ्याचे सडे हेच तिचं घर. तिला फक्त हे सुटे दगड लागतात, आणि सडा साफ करताना सगळ्यात आधी तेच उचलले जातात.

(दृश्य: बारसूचा सडा. कातळशिल्प: मधे माणूस, दोन्ही बाजूंना दोन प्राणी.)

हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी याच सड्याचा पाटीसारखा उपयोग केला. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव पायपीट करून ही शिल्पं शोधून काढली. कशेळीच्या कातळावर एक प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. आज कोकणात नसलेला गेंडाही या शिल्पांमध्ये आढळतो. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. बारसूही त्यात आहे.

आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये याच बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं. गावकरी, त्यात बाया जास्त, रणरणत्या उन्हात येऊन बसले. पोलीस आले, राज्यभर वाद पेटला. एक बाजू रोजगाराबद्दल बोलत होती, आणि ज्या वाड्यांची निम्मी घरं चाकरमान्यांची वाट बघत कुलूपबंद असतात, तिथे रोजगार ही खोटी गरज नाही. दुसरी बाजू आंबा, मासळी आणि हवा-पाण्याबद्दल बोलत होती. दूरदर्शन संचांवर आठवडाभर मागे दिसत राहिला तो एप्रिलमधला सडा: काळा, भाजलेला, रिकामा.

माझा मुद्दा इथे आहे. खाण प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणाम अहवालासाठी जी ठरावीक कार्यकक्षा, म्हणजे काय काय तपासायचं याची यादी, दिली जाते, तिच्यात हवा, पाणी, माती यांच्याबरोबर वनस्पती आणि प्राण्यांचीही मूळ माहिती एका ऋतूत गोळा करायला सांगितलेली असते. तो ऋतू कोणता? पावसाळा सोडून कोणताही. घनदाट जंगलात जानेवारीतही झाडं दिसतील. सड्यावर जानेवारीत कोण जाऊन काय बघणार? फुलं बियांत गेलेली, बेडूक जमिनीत, डबकी आटलेली. अहवाल लिहिणारा एक शब्दही खोटा लिहीत नाही, तरी अहवालात सडा रिकामा निघतो. मग जनसुनावणीत त्याच कागदावर चर्चा होते, आणि विरोध करणाऱ्याच्या हातात दाखवायला मोबाइलमधला श्रावणातला एखादा फोटो असतो.

सड्याची पाहणी जून ते सप्टेंबरमध्येच व्हायला हवी. हा नियम बदलायला नवा कायदा लागत नाही. आणि तोवर गावाच्या हातातही एक गोष्ट आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही असते. बऱ्याच ठिकाणी ती एकदा भरून कपाटात गेली आहे. ती ऑगस्टमध्ये बाहेर काढा, शाळेच्या पोरांना घेऊन सड्यावर जा, आणि जे दिसेल ते तारखेसकट लिहा. कुठला झरा कुठल्या सड्याखाली आहे, तेही लिहा.

(दृश्य: पुन्हा तोच दगड. पाल अजून तिथेच, निश्चल.)

दगड उचलला तसाच, त्याच खाचेत परत ठेवायचा असतो. थोडा जरी तिरका बसला तरी खालचा ओलावा उडून जातो.

(दृश्य: हात दगड जागेवर बसवतो. पाऊस पुन्हा सुरू होतो.)