सवय होईल

(पडद्यावर: हँडलवर दोन हात. डावा हात सुटतो, हवेत झटकला जातो, परत जागेवर येतो. थोड्या वेळाने उजवा.)

हे हात माझे. पहिली रोड बाइक घेऊन दोन महिने झाले होते. दर दहा मिनिटांनी हात झटकायचा, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की आपण असं करतोय हेही लक्षात येत नव्हतं. करंगळी आणि तिच्या शेजारची अनामिका. बाकीची बोटं ठणठणीत, पण ही दोन अर्ध्या तासात बधिर. ब्रेकवर बोट आहे की नाही, हे खाली बघून ठरवायचं.

जिथून सायकल घेतली त्या दुकानात विचारलं. उत्तर आलं, "नवीन आहे ना, सवय होईल."

मी वाट पाहिली. हँडलवर जाड टेप गुंडाळून घेतली. जेलचे हातमोजे आणले. बोटांना काही सवय झाली नाही.

(पडद्यावर: फ्रेमवरचा आकडा, ५६.)

हा आकडा बघा. दुकानात एकच सायकल शिल्लक होती, ती ५६ ची. मला म्हणाले, तुमच्या उंचीला हीच. पण ५६ म्हणजे नक्की काय?

एके काळी याचं उत्तर सोपं होतं. रोड बाइकची वरची नळी जमिनीला समांतर असायची, आणि सीटखालची नळी जितके सेंटिमीटर, तेवढा फ्रेमचा आकडा. मग १९९० च्या दशकात माइक बरोज या इंग्लिश डिझायनरने जायंट कंपनीसाठी टीसीआर ही सायकल आखली. तिची वरची नळी मागे उतरती होती. सीटची नळी आखूड झाली, फ्रेम हलकी झाली आणि जुन्या आकड्याचा आधारच निघून गेला. ढीगभर मापांऐवजी स्मॉल, मीडियम, लार्ज एवढ्यावर भागायला लागलं, कारण उरलेली तफावत सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) आणि स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) बदलून भरून काढता येत होती. कारखान्यांची सोय झाली. गिऱ्हाइकाच्या हाती मात्र आकडा राहिला आणि अर्थ गेला. आज एका कंपनीची ५४ दुसरीच्या ५६ एवढी लांब निघू शकते.

म्हणून फ्रेम निवडताना दोन वेगळी मापं बघायची, स्टॅक आणि रीच. क्रँक, म्हणजे पेडल जोडलेला दांडा, ज्या आसावर फिरतो त्याच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीच्या, वरच्या टोकापर्यंत सरळ वर किती, तो स्टॅक. आडवं पुढे किती, तो रीच. एकातून पुढचा भाग किती उंच येणार ते कळतं, दुसऱ्यातून तो तुमच्यापासून किती लांब जाणार ते. बहुतेक कंपन्या हे आकडे छापतात. दुकानात क्वचितच कुणी दाखवतं.

आणि उंचीवरून सायकल निवडण्यात आणखी एक फट आहे. सारख्या उंचीची दोन माणसं शेजारी उभी करा. एकाचे पाय लांब, दुसऱ्याचं धड लांब. त्यांना एकच सायकल कशी बसेल?

(पडद्यावर: भिंतीला टेकून उभा असलेला अनवाणी माणूस, दोन पायांमध्ये जाड पुस्तक धरलेलं.)

पायांचं माप घरी घेता येतं. अनवाणी, पाठ भिंतीला. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये धरायचं आणि सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत वर ओढायचं. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत जे अंतर येईल, ती तुमच्या पायाची आतली लांबी.

समजा, ती ८० सेंटिमीटर भरली. १९८० च्या दशकात अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड आणि त्याचे प्रशिक्षक सिरील गिमार यांच्यामुळे एक गुणाकार जगभर पसरला. लांबी गुणिले ०.८८३. म्हणजे क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण ७०.६ सेंटिमीटर. त्याआधी, १९६७ साली, हॅम्ली आणि थॉमस या संशोधकांनी वेगळा हिशोब मांडला होता. पेडल तळाला असताना तिथून सीटपर्यंतचं अंतर पायाच्या लांबीच्या १०९ टक्के. म्हणजे ८७.२. त्यातून १७ सेंटिमीटरचा क्रँक वजा केला की उरतात ७०.२. दोन वेगळ्या वाटा, आणि फरक अवघा चार मिलिमीटर.

मला हे फार आवडतं. पण यावर विसंबून पाना फिरवून मोकळं होऊ नका. बुटाचा तळ किती जाड, पेडल कोणतं, पाय मारताना तुमची टाच खाली जाते की बोटं खाली झुकतात, यातलं काहीच या गुणाकारांना माहीत नाही. शिंपी आधी कच्चा टाका घालतो, अंगावर चढवून बघतो, मगच पक्की शिवण घालतो. हे आकडे म्हणजे तो कच्चा टाका.

पुढचं काम गुडघ्याचं. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा वाक राहायला हवा. सीट फार खाली असेल तर सहसा गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. फार वर असेल तर मागच्या बाजूला. आणि मागून कुणाला बघायला सांगितलं तर कंबर डावी-उजवी झोके खाताना दिसते.

(पडद्यावर: ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर, बसवलेली सायकल. मागून घेतलेलं दृश्य. कंबर झोके खातेय.)

हे झोके माझे. हे मला दुसऱ्या दुकानात दाखवले गेले.

तिथे मी फक्त आखूड स्टेम मागायला गेलो होतो. माझं निदान झालेलं होतं, हँडल लांब आहे. दुकानदाराने ऐकून घेतलं, पण स्टेम काढला नाही. विचारलं, आठवड्यात किती चालवता? एका वेळी किती? पूर्वी काही मोडलंय का, मुरगळलंय का? गुडघे न वाकवता हात पायांच्या बोटांना लागतात का? माझे नडगीच्या मध्यापर्यंतच गेले. मग सायकल ट्रेनरवर लावली आणि मला बसवलं. पहिली दहा मिनिटं तो नुसता बघत राहिला. मी म्हटलं, मोजायला कधी घेणार? तर म्हणाला, "आत्ता तुम्ही मला दाखवायला चालवताय. दमलात की खरे बसाल."

दमल्यावर दिसलं ते असं. सीट थोडी जास्तच वर होती, त्यामुळे पाय पुरावा म्हणून कंबर झोके घेत होती. झोक्यांमुळे सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, टोचत होतं. टोचतंय म्हणून मीच कधीतरी ॲलन की घेऊन नाक खाली झुकवलं होतं, आणि ते मी विसरूनही गेलो होतो. नाक झुकल्यामुळे मी सतत पुढे घसरत होतो. घसरू नये म्हणून तळहात हँडलवर रेटत होतो. आणि तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जातो अल्नर मज्जातंतू, जो करंगळी आणि अर्ध्या अनामिकेला संवेदना देतो.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दुखणं बोटांत होतं, कारण बुडाखाली. मी दोन महिने टेप गुंडाळत बसलो होतो.

या दुखण्याला नावही आहे, हँडलबार पाल्सी. सायकलवाल्यांमध्ये ते जुनं आहे.

आता त्या "सवय होईल"कडे परत येऊ. कारण ते वाक्य पूर्ण खोटं नाही, आणि तिथेच गोम आहे. नवीन माणसाची बसायची हाडं पहिले एक-दोन आठवडे दुखतात. मान आणि खांदे भरून येतात. याची सवय खरंच होते. बधिरपणाची होत नाही. मुंग्यांची होत नाही. प्रत्येक फेरीत त्याच जागी उठणारी गुडघ्यातली कळ सवयीने जात नाही, ती वाढते. हा फरक ज्याला ओळखता येतो, ते दुकान तुमचं. काचेत किती महागडी सायकल टांगली आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही.

(पडद्यावर: दोरीला बांधलेलं वजन गुडघ्यापाशी लोंबतंय.)

हा ओळंबा. गवंड्याचा. क्रँक आडवा असताना गुडघ्याच्या पुढून सोडला, तर तो पेडलच्या आसावर यावा, असा जुना नियम आहे. सीट पुढे-मागे किती, हे त्यावरून ठरवतात. अनेक दुकानांत आजही पहिली हीच दोरी निघते. निघू दे. पण पाठीवर रेलून चालवायच्या सायकली असतात, त्यांत गुडघा पेडलच्या वर कुठेच येत नाही, आणि तरी माणसं त्या मजेत दामटतात. म्हणजे यात काही नैसर्गिक कायदा नाही. त्यापेक्षा मला दुसरी चाचणी पटते. ट्रेनरवर जरा जोर लावून पेडल मारताना हात हँडलवरून अलगद उचलायचे. धड जागेवर राहिलं तर तोल सीटवर आहे. लगेच पुढे कोसळायला झालं तर तुमचं वजन हात सांभाळतायत.

क्रँकच्या लांबीवर मी फार वेळ घालवणार नाही. १७० की १७२.५, यावर लोक तासन्तास भांडतात. २००१ साली जिम मार्टिन आणि सहकाऱ्याने १२० ते २२० मिलिमीटरपर्यंतचे क्रँक लावून जास्तीत जास्त ताकद मोजली. इतक्या टोकाच्या लांब्यांमध्येही फरक आला सुमारे चार टक्के. आखूड क्रँकने नितंबाच्या सांध्याला वाकायला जागा मिळते, तिथे अवघडत असेल तर विचार करा. नाहीतर आहे तो राहू द्या.

(पडद्यावर: रस्त्यावरची शर्यत. एक स्वार खाली, सीटपोस्टकडे वाकून बघतोय.)

माप एकदा बसलं की कायमचं, असंही नाही. सप्टेंबर १९६९. बेल्जियन सायकलपटू एडी मर्क्स याने त्याच वर्षी पहिली टूर द फ्रान्स जिंकली होती. फ्रान्समधल्या ब्ल्वा इथे ट्रॅकवरच्या शर्यतीत भीषण अपघात झाला. वेग धरून द्यायला त्याच्यापुढे मोटरसायकल चालवणारा फर्नां वाम्ब्स्त जागीच गेला. मर्क्स वाचला, पण मणक्याला आणि कमरेला मार बसला. त्यानंतर त्याची सीट कधी एका जागी राहिली नाही. ऐन शर्यतीत, चालत्या सायकलवर तो ती खाली-वर करायचा. तशाही अवस्थेत त्याने आणखी चार टूर जिंकल्या. माणूस तोच होता. फक्त शरीर कालच्या आकड्यात बसत नव्हतं.

म्हणून यंत्रांबद्दल माझं मत थोडं आखडतं आहे. अंगावर ठिपके चिकटवून, कॅमेऱ्याने प्रत्येक सांध्याचा कोन मोजणारी यंत्रणा उत्तम असते. पण दहा वर्षांपूर्वी तुमचा घोटा मुरगळला होता, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. ते कुणीतरी विचारावं लागतं.

दुकान पारखायचं तर विक्रीच्या टेबलाशी उभे राहू नका. आत, कामाच्या जागी डोकवा. सीटपोस्टचा बोल्ट आवळताना टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, हातात येतो का? कार्बनच्या भागांवर बऱ्याचदा ५ न्यूटन मीटर असा आकडा छापलेला असतो, तो अंदाजाने येत नाही. नवीन सायकलचा स्टीअरर, म्हणजे स्टेम ज्यावर बसतो ती नळी, पहिल्याच दिवशी कापून देतात, की काही आठवडे स्पेसरच्या कड्या ठेवून चालवायला सांगतात? कापलेली नळी पुन्हा वाढत नाही. सीट नाही मानवली तर बदलून मिळेल का? बसायच्या हाडांमधलं अंतर न मोजताच ते मऊ सीट सुचवतायत का?

आणि एक वाक्य, जे ऐकू आलं तर त्या दुकानात पुन्हा जा. "तुमच्या मापाची आत्ता आमच्याकडे नाही."

मला ते दुसऱ्या दुकानात ऐकायला मिळालं, जरा वेगळ्या शब्दांत. "ही फ्रेम तुम्हाला एक माप मोठी आहे. मी ११० मिलिमीटरचा स्टेम काढून ९० चा लावतो, चालून जाईल. याहून आखूड लावला तर हँडल चंचल होईल. पुढची सायकल घ्याल तेव्हा आकडा बघू नका, रीच बघा."

त्याने सीटचं नाक सपाट केलं, सीट खाली घेतली आणि सगळी मापं एका कागदावर लिहून दिली. सीटची उंची, सीटच्या नाकापासून हँडलपर्यंतचं अंतर, सीट आणि हँडल यांच्या उंचीतला फरक. मग काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा फाडून सीटपोस्टला गुंडाळला, फ्रेमला अगदी चिकटून.

(पडद्यावर: सीटपोस्टवरची काळी पट्टी.)

जुन्या जागेपासून सहा मिलिमीटर. परवा साठ किलोमीटर करून आलो. हात झटकायचा राहून गेला, हे घरी आल्यावर लक्षात आलं.