प्रिंटिंग क्लाउडवर न्यायचं का? आधी गेटवरचं चलान बघा

(भोसरीतल्या लघुउद्योजकांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. गुरुवार हा आपल्या एमआयडीसीचा सुट्टीचा दिवस. तो सोडून तुम्ही आलात, म्हणून थेट कामाचं बोलतो. प्रिंटिंग क्लाउडवर नेणं म्हणजे संगणकानं प्रिंट थेट प्रिंटरला न देता इंटरनेटवरच्या एखाद्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत पाठवणं.

'सर, प्रिंटिंग क्लाउडवर न्यायचं का?' असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, तुमच्याकडे कुठला कागद निघाला नाही तर काम थांबतं? बहुतेक मालक इथं थबकतात. प्रिंटर किती आहेत, टोनरला किती पैसे जातात, हे त्यांना पाठ असतं. कागद कोणते निघतात, कुणासाठी निघतात, हे कुणी बसून लिहिलेलं नसतं.

हा प्रश्न मी एका चुकीतून शिकलो. चाळीसेक माणसांचं एक मशीन शॉप होतं. मी त्यांचे चारही प्रिंटर क्लाउडवर नेले. आठ महिने उत्तम चाललं. मग एका जुलैच्या सकाळी बाहेर रस्ता खोदताना जेसीबीनं इंटरनेटची फायबर केबल तोडली. डिस्पॅचच्या मुलानं मोबाईलचा हॉटस्पॉट संगणकाला जोडला, ई-वे बिल काढलं, नंबरही आला. मालासोबत जाणाऱ्या चलानाची प्रिंट मात्र येईना. प्रिंटर टेबलावर चालू होता, ट्रेमध्ये कागद होता. पण संगणकावरून निघालेलं चलान आधी दूरच्या डेटा सेंटरला जाणार आणि तिथून परत येणार, म्हणजे नेट प्रिंटरलाही लागणार. ते त्याला कुणी दिलं नव्हतं. गेटवर दोन छोटा हत्ती भरून उभे होते आणि पलीकडे गिऱ्हाइकाची लाइन आपल्या मालाची वाट बघत होती. शेवटी हातानं चलान पुस्तक भरलं तेव्हा गाड्या सुटल्या. ती चूक माझी होती. चारही प्रिंटर एकाच मापानं मोजायला नको होते.

जीएसटीच्या नियमांत मालाचं चलान तीन प्रतींत लागतं. एक माल घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची, एक आपली. म्हणून तर आपल्याकडे सुयांनी ठोकून छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून खरखरतोय. कार्बनची कंटिन्युअस स्टेशनरी लावली की एका फटक्यात तिन्ही प्रती निघतात. हा प्रिंटर आहे तिथंच राहू द्या, संगणकाला थेट वायरनं जोडलेला. बारकोडचे लेबल प्रिंटरही तसेच. त्यांची आज्ञांची स्वतःची भाषा असते. मधे दुसऱ्या कुणी फाइल बदलून पाठवली की लेबलाचं माप हललंच म्हणून समजा. पतसंस्थेत पासबुकाचा प्रिंटर असतो, त्यालाही हेच लागू.

मग क्लाउडवर जायचं तरी कुणी? कारणं आहेत, आणि ती खरी आहेत. २०२१ च्या उन्हाळ्यात विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सुरक्षेचं एक भोक सापडलं, 'प्रिंटनाइटमेअर' नावानं ते गाजलं. नेटवर्कमधल्या साध्या युजरलाही त्यातून सर्व्हरचा पूर्ण ताबा घेता येत होता. मायक्रोसॉफ्टनं जुलैमध्ये नेहमीचं वेळापत्रक मोडून दुरुस्ती काढली, ऑगस्टमध्ये प्रिंटर ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटर चालवायला लागणारा प्रोग्रॅम, टाकायला ॲडमिनचे अधिकार लागतील असं केलं. त्यानंतर कित्येक ऑफिसांत साधा प्रिंटर जोडायलाही आयटीवाल्याची वाट बघावी लागली. कोपऱ्यात धूळ खात पडलेला प्रिंट सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या प्रिंट ज्यातून जातात तो संगणक, त्यावरचे दहा वर्षांपूर्वीचे ड्रायव्हर, त्यांना वाली कुणी नाही. क्लाउडवर गेलं की हे ओझं उतरतं. तुमच्याकडे अशी पेटी असेल तर तिचा निकाल लावाच.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. पुणे, नाशिक, सोलापूर अशा तीन ठिकाणी ऑफिस असलेली सीएची फर्म घ्या. माणसं आज इथं, उद्या तिथं. प्रिंट पाठवायची, मग कुठल्याही शाखेतल्या मशीनपुढं उभं राहून कार्ड दाखवलं की कागद हातात. तोवर तो ट्रेमध्ये पडत नाही. आपल्याकडे पगाराच्या स्लिपा, कामगारांच्या आधारच्या प्रती तासन् तास ट्रेमध्ये लोळतात, येणारा-जाणारा वाचतो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात निष्काळजीपणाचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. पण दंडाचं सोडा, आपल्या माणसाचा पगार शेजारच्याला कळू नये एवढं तरी आपण त्याला देणं लागतो. क्लाउडवर गेल्यावर कागद ट्रेमध्ये थांबत नाही, तो सेवा देणाऱ्या पुरवठादाराच्या सर्व्हरवर थांबतो. किती दिवस थांबतो, कुठल्या देशात थांबतो, हे करारात लिहून घ्या. त्या डेटाची जबाबदारी शेवटी तुमचीच राहते.

आता एक गफलत. विक्रेते 'ड्रायव्हर लागत नाही' आणि 'क्लाउड' हे एकाच दमात बोलतात. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. प्रिंटरशी बोलायची आयपीपी नावाची जुनी, खुली पद्धत आहे. ॲपलचं एअरप्रिंट २०१० पासून तिच्याच आधारानं चालतं. मोबाईल आणि प्रिंटर एकाच वायफायवर असले की ड्रायव्हर न टाकता प्रिंट निघते, बाहेरचं नेट बंद असलं तरी. तुमचं एकच ऑफिस असेल आणि तक्रार फक्त ड्रायव्हरची असेल, तर असा प्रिंटर घ्या आणि क्लाउडचं महिन्याचं भाडं वाचवा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचं काम इथंच संपतं.

याहून वाईट प्रकारही मी पाहिलाय. 'घरून प्रिंट निघेल' म्हणून कुणीतरी राउटरवर प्रिंटरचं ९१०० पोर्ट, म्हणजे प्रिंट आत घ्यायचं त्याचं दार, थेट इंटरनेटला उघडून देतो आणि त्यालाच क्लाउड म्हणतो. २०१८ च्या नोव्हेंबरात असे उघडे प्रिंटर शोधून एका हॅकरनं जगभरातल्या हजारो मशिनांवर एका यूट्यूबरची जाहिरात छापली होती. तुमच्या राउटरवर असं काही उघडं असेल तर आज संध्याकाळीच बंद करा.

पैशाचं थोडक्यात सांगतो. मायक्रोसॉफ्टची क्लाउड प्रिंटिंगची सेवा, युनिव्हर्सल प्रिंट, पानं मोजत नाही, जॉब मोजते, म्हणजे एका वेळी पाठवलेली प्रिंट. शंभर पानांचा अहवाल एक जॉब, आणि एका पानाची पावतीसुद्धा एक जॉब. दिवसभर एकेका पानाच्या पावत्या काढणाऱ्याचं गणित वेगळं, महिन्याला चार मोठे अहवाल काढणाऱ्याचं वेगळं. जुना प्रिंटर थेट जोडता येत नसेल तर कनेक्टरसाठी, म्हणजे त्याला क्लाउडशी जोडणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, एक विंडोज संगणक सतत चालू ठेवावा लागतो. म्हणजे जो सर्व्हर काढायचा म्हणून निघालात, तो वेगळ्या नावानं परत कोपऱ्यात येऊन बसला. ही गोष्ट कोटेशनमध्ये लिहिलेली नसते, विचारून घ्यावी लागते.

आणि क्लाउडमधून बाहेर पडायचा रस्ता. गूगलनं २०१० मध्ये क्लाउड प्रिंट आणलं, दहा वर्षं त्यावर 'बीटा' ही पाटी राहिली आणि ३१ डिसेंबर २०२० ला ते बंद झालं. वर्षभर आधी सांगितलं होतं, त्यामुळे फसवलं असं मी म्हणणार नाही. पण ज्यांनी फक्त त्याच सेवेवर चालणारे प्रिंटर घेतले होते ते अडकले. म्हणून क्लाउड असो वा नसो, स्थानिक नेटवर्कवरूनही छापू शकेल असाच प्रिंटर घ्या.

एक वही करा. पंधरा दिवस निघणारा प्रत्येक कागद तिच्यात लिहा. कुणी काढला, कुणासाठी, आणि तासभर उशीर झाला तर काय झालं असतं. ज्याच्यापुढं 'गाडी थांबली असती' असं येईल तो कागद जागेवरच राहू द्या. उरलेल्यांतला एकच प्रिंटर, समजा अकाउंट्सचा, महिनाभर क्लाउडवर चालवून बघा. महिना संपत आला की एका कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता, कुणाला न सांगता, राउटरची वायर काढा आणि अर्धा तास अकाउंट्समध्ये जाऊन बसा. कोण उठून तुमच्याकडे येतो आणि हातात कुठला कागद घेऊन येतो, ते बघा.