चिखलातली मार्कलिस्ट

(भिंतीवरची पाण्याची रेघ. कॅमेरा सावकाश खाली.)

ही रेघ २२ जुलै २०२१ ची. वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली, त्या दिवसाची. पाणी ओसरल्यावर अंगणात गाद्या वाळत पडल्या, तांदूळ वाळत पडले, आणि ही फाईल.

(मार्कलिस्ट, अगदी जवळून.)

एका मुलीची बी.एस्सी.ची मार्कलिस्ट. लॅमिनेशनच्या आत गाळ गेलाय. बैठक क्रमांक लागतो, गुण लागत नाहीत. झेरॉक्स होती, पण झेरॉक्सला अस्सल कोण म्हणणार?

(लॅपटॉपचा पडदा.)

आता इथे बघा. अशीच एक गुणपत्रिका, पीडीएफमध्ये. संगणक त्या फाईलचा ६४ अंक-अक्षरांचा ठसा काढतो. त्याला हॅश म्हणतात. आपण ६८ चे ६९ करू. एवढंच. पुन्हा ठसा काढू... पार वेगळा आला.

विद्यापीठानं ब्लॉकचेनवर ठेवायचा तो हा ठसा. मुलीचं नाव नाही, गुण नाहीत. ब्लॉकचेन म्हणजे नोंदींची डिजिटल वही, ब्लॉक म्हणजे तिचं एक पान. एका ब्लॉकमध्ये असे कितीतरी ठसे, आणि शिवाय मागच्या ब्लॉकचा ठसा. सातबाऱ्यावरचे फेरफार कोकणात कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. ही तशीच फेरफाराची वही, फक्त एका तलाठ्याकडे नाही, अनेक संगणकांवर एकाच वेळी. मधलं पान बदलायचं तर पुढची सगळी पानं बदलावी लागतात, तीही बहुतेकांच्या वहीत.

म्हणजे पीडीएफ मुलीच्या मोबाइलात असो, मुंबईतल्या मामाच्या ईमेलवर असो. ठसा जुळला की ती अस्सल. अस्सलपणा कागदाला चिकटून राहत नाही. आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठानं २०१७ मध्ये १११ विद्यार्थ्यांना अशा पदव्या थेट मोबाइलवर दिल्या. आपल्याकडे सीबीएसईनं २०२१ मध्ये निकालांसाठी हीच वाट धरली. पण गुण मुळातच चुकीचे चढले तर ब्लॉकचेन ते ओळखत नाही. जुनं पुसता येत नाही, दुरुस्तीची नवी नोंद करावी लागते.

(कॉलेजचं ऑफिस. विटांवर चढवलेली लोखंडी कपाटं.)

इथली रजिस्टरं आता वरच्या कप्प्यात असतात.

(स्वयंपाकघर. माळ्यावर तांदळाचा डबा, त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत फाईल.)

पोलिसांचा दाखला, प्रतिज्ञापत्र, मुंबईच्या खेपा, आणि मग नवी मार्कलिस्ट आली. तिच्यावर ‘दुय्यम प्रत’ असा शिक्का आहे. चिखलातली मात्र त्या मुलीनं टाकलेली नाही.