शाळेपासून 118 मीटर

सुतळीचं एक टोक शाळेच्या फाटकाला बांधलंय. दुसरं धरून दोघी बायका रस्त्याच्या कडेनं निघाल्यात. दर दहा मीटरला एक गाठ. अकरावी गाठ मागं पडली, तरी अजून थोडं पुढं. तेव्हा कुठं ते शटर आलं. 118 मीटर.

बेळगाव तालुक्यातलं हे गाव, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. शटरमागं बार होणार, रात्री ऑर्केस्ट्राही, हे बायकांना कळलं तेव्हा अर्ज पुढं गेलेला होता. कर्नाटकच्या अबकारी नियमात दारूचं दुकान शाळा, देऊळ, दवाखाना यांच्यापासून 100 मीटरच्या आत नको. म्हणजे गाव अठरा मीटरनं अडलं. तक्रारीचं उत्तर कचेरीतून कन्नडमध्ये आलं. ते वाचून दाखवलं सातवीतल्या पोरानं. वाचताना त्याच्या आईनं मान खाली घातली होती.

चंदगडकडून आलेली एक सून सांगते, "माझ्या आईनं आडव्या बाटलीवर शिक्का मारला. हितं आमास्नी कोण इचारतंय?" तिचं खरं आहे. महाराष्ट्रात 2008 च्या आदेशानं गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद होतं. रोटी-बेटीचा व्यवहार हद्द ओलांडतो, हा हक्क मात्र पलीकडंच राहिला.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हा विरोध नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या बायकांना नाही. 2005 साली महाराष्ट्रानं डान्स बार बंद केले, तेव्हा अशा हजारो जणींची रोजी गेली. पुढं 17 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या डान्स बारना घातलेली शाळा-देवळापासून एक किलोमीटरची अटही काढून टाकली. त्यामुळं नुसतं "संस्कृती बुडाली" म्हणून कुठलंच गाव जिंकणार नाही, आणि तसं जिंकूही नये. इथल्या बायकांचं म्हणणं साधं आहे. संध्याकाळच्या शेवटच्या बसनं कॉलेजच्या पोरी उतरतात त्या थांब्यासमोरच हे शटर आहे, आणि थांब्यावर दिवा नाही.

नव्या अर्जात हेच लिहिलंय, मराठीत आणि कन्नडमध्ये. परवान्याआधी ग्रामसभा घ्या, बायकांना विचारा. खाली सह्या, मधेमधे अंगठे. एका म्हातारीनं शाई पदराला पुसली आणि विचारलं, "सोमवारी कितीची बस हाय?"