सुट्टीतला पाळक, शेवटून तिसऱ्या बाकावर

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना आला की नाशिकच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये लग्नं आणि सुट्ट्या एकाच वेळी सुरू होतात. पाळकसाहेबांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, हक्काची रजाही बहुधा याच दिवसांत येते. वर्षभर दर रविवारी मंडळीकडे तोंड करून उभं राहणाऱ्या माणसाला मंडळीत बसायला मिळतं ते या तीन-चार रविवारीच. ते कसे वापरावेत, याविषयी आज बोलू. आमच्या मते सुट्टीतल्या पाळकाने दुसऱ्या मंडळीत जावं ते तिथल्या पाळकाची परीक्षा घ्यायला नव्हे. बाकावरून रविवार कसा दिसतो आणि कसा ऐकू येतो, हे स्वतःच्या चर्चमध्ये त्याला कधीच कळत नाही, त्यासाठी जावं.

पण आधी मागे काय ठेवून जायचं ते पाहू, कारण घोटाळे तिथेच होतात. पुष्कळ मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, असतो. तो चालवायला दीक्षा मिळालेला पाळकच लागतो. नुसती सकाळची उपासना मात्र एखादा अनुभवी सभासदही चालवू शकतो. म्हणून पहिला रविवार आटोपून सोमवारी निघावं आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आत परतावं. मध्ये तीन, फार तर चार रविवार मिळतात. पेंटेकॉस्टचा, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा सण पुनरुत्थानाच्या रविवारपासून (ईस्टरपासून) मोजून पन्नासाव्या दिवशी येतो, म्हणजे अनेकदा मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत. तो रविवार चुकू नये म्हणून तारीख बघूनच तिकीट काढा.

लग्नाचं प्रकरण अधिक नाजूक. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या दरम्यान लावायचं असतं. बिशपांच्या खास परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. आणि लावणाऱ्याला तसा अधिकार असावा लागतो. उपदेश छान करतो म्हणून कुणालाही उभं करून चालत नाही. बदली पाळकाचा अधिकार आधी पाहून घ्यावा. नोंदवहीत वधूवर, साक्षीदार आणि लग्न लावणारा यांच्या सह्या तिथल्या तिथे व्हायला हव्यात. नेहमीची गडबड अशी होते: नोंदवही कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली पाळकसाहेबांच्या बॅगेत, महाबळेश्वरला. किल्ली सेक्रेटरीकडे द्या. अंत्यविधीसाठी कुणाला फोन करायचा तो एकच नंबर फलकावर लावा. दोन नंबर लावले की दोघेही दुसऱ्यावर विसंबतात.

आता जायचं कुठे? एक उपासना आपल्या परंपरेतली आणि एक अगदी वेगळी, असा बेत असावा. वेळ बोर्डावर वाचून जाऊ नका. रंगवलेले बोर्ड जुने असतात आणि उन्हाळ्यात उपासना अर्धा-एक तास अलीकडे घेतात. शनिवारी फोन करावा. नाशिक रोडहून सकाळी सातच्या सुमाराची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईत रविवारची भक्ती गाठू म्हणाल, तर गाडी पोहोचेपर्यंत पावणेअकरा होतात आणि सकाळची उपासना संपत आलेली असते. मग संध्याकाळचीच धरावी. कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळचा मिस्सा (त्यांची उपासना) रविवारचाच मानला जातो, त्यामुळे शनिवारी तिथे आणि रविवारी दुसरीकडे असं सहज जमतं. कॅथलिक वाचनांचं चक्र तीन वर्षांचं आहे: एका वर्षी मत्तयाचं शुभवर्तमान, दुसऱ्या वर्षी मार्काचं, तिसऱ्या वर्षी लूकाचं, आणि वर्ष आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, सुरू होतं. त्या रविवारचा उतारा आदल्या रात्री वाचून गेलात तर फादरांचं प्रवचन दुप्पट कामाचं ठरतं.

गळ्यातली पांढरी कॉलर घरी ठेवा. साधा शर्ट घाला आणि वीस मिनिटं आधी पोहोचा. बाहेर चपलांची रांग दिसली तर आपल्याही काढा. बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसत असतील तर कुटुंबाने तसंच बसावं. शेवटून तिसरा बाक उत्तम. पुढे बसलात तर ओळखले जाता आणि अगदी मागे बसलात तर दारातली कुजबुजच ऐकू येते.

इथे बसल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती आवाजाची. ब्रिटिश काळातल्या दगडी चर्चमध्ये छत उंच आणि भिंती कडक, त्यामुळे शब्द भिंतींवर आपटून परत येतो आणि पुढच्या शब्दावर चढतो. बाक रिकामे असले की हे वाढतं, कारण माणसं आणि कपडे आवाज शोषून घेतात. उपाय म्हणून बहुतेक ठिकाणी आवाज वाढवतात, आणि नेमकं तिथेच बिघडतं, कारण घुमणंही तितकंच वाढतं. लहान स्पीकर लोकांच्या जवळ, कमी आवाजावर ठेवले तर शब्द सुटा येतो. माइक शिट्टी मारतो तेव्हा बहुधा स्पीकर माइकच्या मागे असतो किंवा त्याच्याकडे तोंड करून असतो. तो वक्त्याच्या पुढे, मंडळीकडे वळवला की काम होतं. डोक्यावरच्या पंख्याची घरघरही ऐका. वेदीजवळ उभं राहून ती कधी कळत नाही.

दुसरं, मनगटावरच्या घड्याळात बघा, मोबाइलमध्ये नको. आत आल्यापासून कुणीतरी बोलेपर्यंत किती मिनिटं गेली? गीताचा क्रमांक एकदाच सांगितला की दोनदा? पाहुण्याला पुस्तक मिळालं का? सूचनांना किती वेळ लागला? उपदेश वीस मिनिटांचा आणि सूचना पंधरा मिनिटांच्या, ही तक्रार लोक आपल्या पाळकाकडे करत नाहीत. बाकावर बसलं की न सांगता समजते.

प्रभुभोजनाविषयी जरा सविस्तर सांगायला हवं. नाशिकमध्ये चर्च मिशनरी सोसायटीचं काम १८३२ साली सुरू झालं, म्हणून इथली जुनी प्रॉटेस्टंट वळणं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची. अहिल्यानगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये पोहोचलं. तिथलं वळण काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपणच पाहायचा. १९७० मध्ये नागपूरला सहा परंपरा मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तरी जुन्या सवयी राहिल्या. कुठे कठड्याशी गुडघे टेकून सामायिक प्याल्यातून घेतात, कुठे छोट्या प्याल्यांचा ट्रे बाकापर्यंत येतो. ट्रे येणाऱ्या मंडळीत बहुधा सगळ्यांना मिळेपर्यंत थांबून एकत्र पितात. गुडघे टेकायची सवय असलेला पाहुणा मिळताक्षणी पिऊन मोकळा होतो आणि मग रिकामी प्याली हातात धरून बसतो. शेजाऱ्याकडे पाहावं, इतकंच. मेथडिस्ट मंडळ्यांत न आंबवलेला द्राक्षरस असतो. नाशिककराला तेवढ्याने परकं वाटायला नको.

कॅथलिक चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद, म्हणजे त्यांच्याकडचं प्रभुभोजन, घ्यायला जाऊ नये. त्यांच्या नियमात ते सर्वसाधारणपणे बसत नाही आणि फादरांना पेचात टाकणं बरं नव्हे. मात्र रांगेतल्या लोकांना वाट द्यायला बाकाबाहेर येऊन उभं राहावं, नाहीतर ते तुमच्या गुडघ्यांवरून जातात. काही ठिकाणी हातांची छातीवर फुली करून आशीर्वाद घेता येतो, आधी विचारा. ब्रेदरेन सभेत भाकरीत सहभागी व्हायचं तर आपल्या मंडळीचं शिफारसपत्र लागतं, ते निघण्यापूर्वी घ्या. मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत) प्रभुभोजनाचा विधीच नाही, शोधत बसू नका. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्टांकडे शब्बाथ शनिवारी असतो आणि प्रभुभोजनाआधी एकमेकांचे पाय धुतात. त्या दिवशी जात असाल तर सहज काढता येतील असे मोजे घाला.

दानाची थैली आली की घडी केलेली नोट टाकावी. नंबर घातलेली पाकिटं सभासदांच्या वर्गणीची असतात, ती उचलू नयेत.

आणि मग ओळखले जाताच. सेक्रेटरी येऊन कानात म्हणतो, "पाळकसाहेब, आज दोन शब्द तुम्हीच बोला." इथे ठाम राहावं. तिथल्या पाळकाने आठवडाभर तयारी केलेली असते. "मंडळीच्या सलामा घेऊन आलो आहे, जय ख्रिस्त," एवढं एक मिनिटात म्हणून बसावं. शेवटचा आशीर्वाद द्यायला बोलावलं तर द्यावा. त्यालाही नाही म्हणणं आम्हाला नम्रतेपेक्षा नखरा वाटतो.

चहाच्या वेळी तुमच्याच मंडळीतून बदली होऊन आलेलं एखादं कुटुंब भेटतं आणि नव्या पाळकाची गाऱ्हाणी सुरू होतात. कुटुंबाची खुशाली विचारा, आणि गाऱ्हाणी त्याच पाळकाकडे न्यायला सांगा. त्यांचा सभासदत्वाचा दाखला अजून तुमच्याच दप्तरात पडून असेल, तर तेवढं मात्र आल्यावर लगेच पाठवा.

संध्याकाळी पाच ओळी लिहाव्यात, रात्रीनंतर तपशील उडतो. परत आल्यावर पहिल्याच रविवारी "तिकडे असं करतात" हे वाक्य टाळा. लोक ते "तुम्ही तसं करत नाही" असंच ऐकतात. आपल्या हार्मोनियम-तबल्यावर चाललेल्या भजनात एकदम कीबोर्ड आणि ड्रम आणले तर म्हातारी माणसं गायची थांबतात, आणि तरुणांची संख्या काही लगेच वाढत नाही. पाच ओळींतली एक निवडा, शक्यतो बिनखर्चाची. स्पीकर वळवणं, क्रमांक दोनदा सांगणं, सूचना फलकावर लावून दोनच वाचणं. पंच कमिटीच्या पुढच्या बैठकीत मांडा, तीन महिने करून बघा. आणि त्यातल्या एका रविवारी उपदेश दुसऱ्याला देऊन स्वतःच्या चर्चमध्ये शेवटून तिसऱ्या बाकावर बसा. फक्त सेक्रेटरीला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो पाण्याचा ग्लास घेऊन तिथेही येईल.

नमस्कार.